पडत्या चुंबकातून दोन हजार अँपिअरचा पल्स: आधी ऊर्जेचा हिशेब

कराडच्या एका पदविका विद्यार्थ्याने पुढील प्रश्न विचारला आहे. २५ मिमी व्यासाचा आणि तितक्याच उंचीचा निओडिमियम चुंबक उभ्या पीव्हीसी पाइपमधून खाली सोडला आणि पाइपभोवती तांब्याची कॉइल गुंडाळली, तर लिथियम सेलवर निकेलची पट्टी वेल्ड करण्याइतका, म्हणजे दीड-दोन हजार अँपिअरचा पल्स (क्षणभराचा प्रवाह) त्यातून मिळेल का? मिळत नसेल तर वेढे वाढवावेत, चुंबक अधिक उंचीवरून सोडावा, की जाड तार वापरावी?

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत मोटार रिवाइंडिंग आणि मागणीप्रमाणे खास ट्रान्सफॉर्मर तयार करणे हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे, आणि या प्रश्नाचे निरनिराळे अवतार माझ्याकडे वरचेवर येतात. थोडक्यात उत्तर असे की दोन हजार अँपिअरचा आकडा गाठणे फारसे अवघड नाही, परंतु त्या प्रवाहाने वेल्ड होणार नाही. या दोन विधानांमध्ये वरकरणी विसंगती दिसते. ती दूर करायची तर अँपिअर बाजूला ठेवून व्होल्ट-सेकंद आणि जूल यांचा हिशेब मांडावा लागतो, म्हणून तो तुमच्याच चुंबकावर मांडतो.

निओडिमियम चुंबकाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ७.५ ग्रॅम असते, त्यामुळे तुमच्या चुंबकाचे वजन साधारण ९२ ग्रॅम भरेल. तो एन४२ या प्रतीचा धरला, तर अशा चुंबकाचे अवशिष्ट (भारल्यावर उरणारे) चुंबकत्व सुमारे १.३ टेस्ला असते, पण मोकळ्या हवेत ठेवलेल्या आणि उंची व्यासाइतकीच असलेल्या चुंबकाच्या मध्यभागी प्रत्यक्षात एक टेस्लाच्या आसपासच क्षेत्र मिळते. चुंबकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ ४.९ चौरस सेंटिमीटर आहे. म्हणजे चुंबकातून जाणारा एकूण फ्लक्स (क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ) सुमारे अर्धा मिलिवेबर झाला. पाइपची जाडी आणि कॉइलची खोली विचारात घेतली तर यातील बराच फ्लक्स कॉइलच्या आतूनच परत फिरतो आणि हिशेबात येत नाही, पण आपण तो पूर्ण धरू. म्हणजेच पुढचे सर्व आकडे तुमच्या बाजूने उदार आहेत हे लक्षात असू द्यावे.

फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेला नियम तुम्हाला पाठ असेल: कॉइलमध्ये निर्माण होणारे व्होल्टेज हे फ्लक्स बदलण्याच्या वेगावर आणि वेढ्यांच्या संख्येवर अवलंबून असते. परीक्षेत हा नियम एवढाच लिहिला जातो आणि त्यातूनच ‘चुंबक वेगाने हलवला की जास्त वीज’ अशी समजूत घट्ट होते. त्याच नियमाची दुसरी बाजू फार महत्त्वाची आहे. व्होल्टेजला वेळेने गुणून बेरीज केली, तर उत्तर येते वेढे गुणिले फ्लक्समधील बदल, आणि त्यात वेग कोठेही उरत नाही. शंभर वेढे आणि अर्धा मिलिवेबर यांचा गुणाकार ०.०५ व्होल्ट-सेकंद होतो. चुंबक सावकाश नेला तरी तेवढाच आणि बंदुकीच्या गोळीसारखा नेला तरी तेवढाच. या व्होल्ट-सेकंदांना परिपथाच्या एकूण रोधाने भागले की कॉइलमधून वाहिलेला एकूण विद्युतभार मिळतो, आणि तोही वेगावर अवलंबून नसतो. घागरीतले पाणी हळू ओतले काय किंवा एकदम उपडे केले काय, पाणी घागरीएवढेच राहते. वेगामुळे धार मोठी होते आणि लवकर संपते. जुन्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांमधील बॅलिस्टिक गॅल्व्हानोमीटर याच तत्त्वावर फ्लक्स मोजत असे. तेथे कॉइल हाताने किती वेगाने ओढली याची नोंद ठेवावी लागत नव्हती, कारण सुईच्या झेपेचा संबंध केवळ वाहून गेलेल्या भाराशी होता.

आता वेल्डची गरज पाहू. ०.१५ मिमी जाडीची निकेलची पट्टी सेलवर व्यवस्थित बसवायला साधारण २० ते ५० जूल ऊर्जा काही मिलिसेकंदांत पट्टीच्या सांध्यात उतरावी लागते. आपण २,००० अँपिअर आणि ५ मिलिसेकंद धरू. म्हणजे १० कूलंब भार झाला. दोन टोके, पट्टी आणि सांधा यांचा मिळून रोध एक मिलिओहम मानला, तर सांध्यावर २ व्होल्ट पडतील आणि २० जूल उष्णता निर्माण होईल. हा रोध प्रत्यक्षात दाबाप्रमाणे आणि पृष्ठभागाप्रमाणे बराच बदलतो, पण आकड्यांच्या पातळीचा अंदाज येण्यास एवढे पुरे आहे.

तुमच्या कॉइलला सरासरी ४० मिमी व्यासाचे आणि एक मिमी तारेचे शंभर वेढे दिले, तर साडेबारा मीटर तार लागेल आणि रोध सुमारे ०.२८ ओहम होईल. एक मीटरवरून सोडलेला चुंबक कॉइलपाशी सेकंदाला ४.४ मीटर वेगाने पोहोचतो आणि २५ मिमी अंतर साडेपाच मिलिसेकंदांत ओलांडतो. म्हणजे मोकळ्या टोकांवर सरासरी ९ व्होल्ट दिसतील. हा आकडा ऑसिलोस्कोपवर पाहून विद्यार्थी हुरळून जातात. टोके शॉर्ट केली तर कागदावर ३२ अँपिअर येतात. तेवढेच तांबे वितळवून एकच जाड वेढा केला, तर व्होल्टेज शंभर पटींनी उतरून ०.०९ व्होल्ट होते, पण रोध दहा हजार पटींनी उतरून सुमारे २८ मायक्रोओहम होतो आणि कागदावरचा प्रवाह ३,२०० अँपिअर होतो. म्हणूनच मी म्हटले की हजारांचा आकडा अवघड नाही. तांब्याची जाड बांगडी आणि ताकदवान चुंबक एवढ्यावर तो क्षणभर गाठता येतो. मात्र तो त्या बांगडीतच फिरतो. बांगडी कापून तिच्या दोन टोकांमध्ये एक मिलिओहमचा सांधा बसवला की एकूण रोध छत्तीस-सदतीस पट वाढतो आणि ३,२०० चे ९० अँपिअरही राहत नाहीत.

मग किती वेढे योग्य? वेढ्यांनी व्होल्टेज वेढ्यांच्या प्रमाणात आणि कॉइलचा रोध वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तांब्याचे आकारमान तेच ठेवले तर. त्यामुळे कॉइलचा रोध आणि सांध्याचा रोध सारखे असतील तेथे सर्वात जास्त भार बाहेर पडतो. तुमच्या बाबतीत ही जागा सहा वेढ्यांपाशी येते. सहा वेढे म्हणजे ३ मिलिव्होल्ट-सेकंद. एकूण रोध दोन मिलिओहम. भार दीड कूलंब. आपल्याला हवे होते दहा. साडेपाच मिलिसेकंदांत दीड कूलंब म्हणजे सरासरी २७० अँपिअर, आणि सांध्यात पोहोचलेली ऊर्जा अर्ध्या जूलपेक्षाही कमी. वेढे सहाचे साठ केले किंवा एक केला, तरी ही अवस्था सुधारत नाही, उलट बिघडते. वेढे हे फक्त जुळवणीचे साधन आहेत. त्यांच्यातून ऊर्जा जन्म घेत नाही. रिवाइंडिंगच्या धंद्यात आलेल्या प्रत्येक मुलाला मी पहिल्या आठवड्यात हीच गोष्ट समजावतो, कारण पुढच्या निम्म्या चुका त्यातूनच टळतात.

वरच्या सर्व हिशेबात मी एक गोष्ट अजून धरलेली नाही, आणि तीच निर्णायक आहे. कॉइलमधून प्रवाह वाहू लागला की तो चुंबकाला मागे ढकलतो. हा लेन्झचा नियम. कॉइलमध्ये जी उष्णता निर्माण होईल ती चुंबकाच्या गतिज ऊर्जेतूनच वजा होणार. ९२ ग्रॅमचा चुंबक एक मीटर खाली आला तर त्याच्यापाशी फक्त ०.९ जूल ऊर्जा असते. शंभर वेढ्यांच्या शॉर्ट केलेल्या कॉइलसाठी आपण जे ३२ अँपिअर काढले, ते आत जाताना आणि बाहेर पडताना पूर्ण टिकले असते तर तीन जूलपेक्षा जास्त उष्णता निर्माण झाली असती. ०.९ जूल भांडवल असलेल्या चुंबकाकडून तीन जूल खर्च होऊ शकत नाही. प्रत्यक्षात चुंबक कॉइलच्या तोंडाशीच जोराने अडखळतो, त्याचा वेग पडतो, आणि पल्स बुटका व लांब होतो. तांब्याच्या जाड पाइपमधून चुंबक सोडण्याचा प्रयोग तुम्ही पाहिला असेल. तो तरंगत तरंगत खाली येतो. त्या पाइपच्या भिंतीतून त्या वेळी काही डझन अँपिअर फिरत असतात, व्होल्टेज मात्र दोन-चार मिलिव्होल्ट असते, आणि एकूण शक्ती वॅटच्या दहाव्या भागाइतकी.

आता कोणी म्हणेल की उंची वाढवू, किंवा स्प्रिंगने किंवा हवेच्या दाबाने चुंबक जोरात फेकू. येथे दुसरी मर्यादा आडवी येते, ती कॉइलच्या इंडक्टन्सची, म्हणजे प्रवाहातील बदलाला विरोध करण्याच्या तिच्या गुणधर्माची. शंभर वेढ्यांच्या या कॉइलचा इंडक्टन्स सुमारे २८० मायक्रोहेन्री येतो. त्याला रोधाने भागले की एक मिलिसेकंद मिळतो; प्रवाह चढायला साधारण एवढा वेळ लागतोच. तांब्याचा आकार तोच असेल तर वेढे कितीही घेतले तरी हा एक मिलिसेकंद बदलत नाही, कारण इंडक्टन्स आणि रोध दोन्ही वेढ्यांच्या वर्गानेच वाढतात. चुंबक २५ मिमी अंतर एका मिलिसेकंदात ओलांडेल असा वेग म्हणजे सेकंदाला २५ मीटर, ताशी ९० किलोमीटर. नुसते वरून सोडून हा वेग गाठायचा तर सुमारे ३२ मीटर उंची लागेल. आणि तेवढी मिळाली तरी सहा वेढ्यांच्या कॉइलमधून सांध्यात तेराशे-चौदाशे अँपिअर वाहतील, पण जेमतेम एक मिलिसेकंद; सांध्यात पोहोचतील दोन जूलच्या आत. त्याहून पुढे वेग वाढवण्यात काही हशील नाही. अतिशय वेगाने येणाऱ्या चुंबकासमोर कॉइल आपल्या आतला फ्लक्स बदलूच देत नाही; प्रवाह फ्लक्सला इंडक्टन्सने भागल्याइतका वाढून थांबतो. एका वेढ्याच्या बांगडीसाठी ही कमाल मर्यादा सुमारे १७,००० अँपिअर येते आणि त्या वेळी बांगडीच्या क्षेत्रात साठलेली ऊर्जा चार-साडेचार जूल असते.

हा चार जूलचा आकडा योगायोगाने आलेला नाही. चुंबकाच्या प्रतीतील ४२ हा आकडा त्याचा ऊर्जा-गुणाकार सांगतो. नेहमीच्या एककांत तो घनमीटरला सुमारे ३.३ लाख जूल होतो. तुमच्या चुंबकाच्या बारा घन सेंटिमीटर आकारमानाने गुणले की चार जूल येतात. याचा अर्थ असा की दिलेल्या आकाराचा कायम चुंबक एका फेरीत, एका कॉइलवर, काही जूलपेक्षा जास्त ऊर्जा यंत्राकडून विजेकडे पोहोचवू शकत नाही, मग तुम्ही तो कितीही वेगाने न्या. तो ऊर्जेचा स्रोत नाही, तो केवळ वाहक आहे, आणि वाहकाची एका खेपेची क्षमता त्याच्या आकारमानाने ठरते. दुप्पट मोजमापांचा, म्हणजे ५० मिमीचा चुंबक घेतला तर ही क्षमता आठपट होते, पण त्याचे वजन पाऊण किलोच्या आसपास जाते आणि लोखंडाजवळ तो बोटे चिरडू शकतो. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात मी तो सुचवणार नाही.

याच मर्यादेमुळे आणखी एका प्रश्नाचे उत्तर मिळते, जे मिरजेकडच्या एका तरुण उद्योजकाने मला विचारले होते: एका चुंबकाच्या हालचालीने पल्स निर्माण करून त्यावर दुसरा निओडिमियम चुंबक भारता येईल का? थेट नाही. चुंबकाच्या पृष्ठभागावर कल्पिलेला प्रवाह लांबीच्या दर मीटरला सुमारे दहा लाख अँपिअर असतो आणि त्याने कॉइलमध्ये प्रेरित केलेले अँपिअर-वेढे त्याच्या आतच राहतात. निओडिमियम पूर्ण भारायला याच्या अडीच-तीन पट क्षेत्र लागते. म्हणूनच निओडिमियम चुंबक भारणाऱ्या कारखान्यांत सहसा उच्च व्होल्टेजची कपॅसिटर बँक आणि जाड कॉइल असते.

मग फिरत्या चुंबकातून मोठे पल्स जगात कोणी काढलेच नाहीत का? काढले आहेत, आणि फार मोठे. फक्त तेथे ऊर्जा चुंबकाच्या एका उडीत न शोधता जड रोटरच्या फिरण्यात साठवलेली होती. रशियन भौतिकशास्त्रज्ञ प्योत्र कापित्सा यांनी केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत १९२० च्या दशकात एक मोठा जनरेटर वेगात आणून तो एका छोट्या कॉइलवर क्षणभर शॉर्ट केला आणि सेकंदाच्या शंभराव्या भागापुरते सुमारे ३२ टेस्लाचे क्षेत्र मिळवले. शॉर्ट करताच रोटरला बसणारा हिसका इतका जबर होता की जमिनीतून जाणारा हादरा प्रयोगाच्या उपकरणापर्यंत पोहोचण्यापूर्वीच मोजमाप संपावे, यासाठी कॉइल जनरेटरपासून सुमारे २० मीटर दूर ठेवली होती. मला ही मांडणी फार आवडते; लेन्झचा नियम त्यांनी जमिनीवर अंतर मोजून पाळला. पुढे ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे भौतिकशास्त्रज्ञ मार्क ऑलिफंट यांच्या पुढाकाराने बांधलेल्या होमोपोलर (चुंबकीय क्षेत्रात धातूची चकती फिरवणाऱ्या) जनरेटरने १९६२ पासून काम सुरू केले. त्याच्या चकत्यांत ५० कोटी जूल साठत आणि तो २० लाख अँपिअरपर्यंत प्रवाह देऊ शकत असे. इंग्लंडमधील जेट या संलयन प्रयोगासाठी बसवलेल्या दोन फ्लायव्हील जनरेटरांचे रोटर प्रत्येकी ७७५ टनांचे होते. आपल्याकडे बेंगळुरूच्या केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेत ट्रान्सफॉर्मर आणि सर्किट ब्रेकर यांची शॉर्ट सर्किट चाचणी याच पद्धतीच्या जनरेटरवर होते: मोटारीने रोटर वेगात आणायचा, आणि मग ठरलेल्या क्षणी स्विच बंद करून फिरत्या वस्तुमानातली ऊर्जा काही सायकलींपुरती (सायकल म्हणजे एसी प्रवाहाचे एक आवर्तन, सेकंदाचा पन्नासावा भाग) चाचणीच्या वस्तूवर सोडायची. कोयनेच्या जनरेटरांना किंवा आपल्या साखर कारखान्यांतील टर्बाइन जनरेटरांना अपघाताने टर्मिनलपाशीच शॉर्ट बसला, तर पहिल्या काही सायकलींत नेहमीच्या पूर्ण भाराच्या कित्येक पट प्रवाह वाहतो, तोही हाच प्रकार. वायंडिंगची टोके बांधताना आम्ही दोऱ्याच्या गाठी आणि वार्निश यांबाबत इतके काटेकोर असतो ते त्या काही सायकलींतल्या ओढाताणीसाठी.

फरक किती आहे तो आपल्याच भागातील उदाहरणाने पाहा. जत-तासगावकडे विहिरींवर एकेकाळी सर्रास दिसणाऱ्या एकसिलिंडर डिझेल इंजिनाचे १०० किलोचे फ्लायव्हील घ्या. बहुतेक वजन काठाकडे, म्हणून प्रभावी त्रिज्या २२ सेंटिमीटर आणि मिनिटाला ६५० फेरे धरले, तर त्यात ११ हजार जूल साठलेले असतात. तुमच्या ९२ ग्रॅमच्या चुंबकात तेवढी ऊर्जा भरायची तर त्याला सेकंदाला सुमारे ४९० मीटर, म्हणजे ध्वनीपेक्षा जास्त वेगाने फेकावे लागेल. लोखंडाचे गरगरणारे चाक हे ऊर्जा साठवण्याचे अत्यंत स्वस्त आणि प्रामाणिक साधन आहे, आणि आपल्या फाउंड्र्यांना ते ओतता येते.

चाकातून थेट हजारो अँपिअर काढायचे असतील तर फॅरेडे यांची चकती, म्हणजे होमोपोलर रचना, अभ्यासण्याजोगी आहे. ३० सेंटिमीटर व्यासाची तांब्याची चकती एक टेस्लाच्या क्षेत्रात मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरवली तर मध्य आणि कड यांच्यामध्ये साडेतीन व्होल्ट मिळतात. चकती १० मिमी जाड असेल तर तिचे वजन सहा किलोंपेक्षा थोडे जास्त, आणि तिच्या फिरण्यातच साडेतीन हजार जूल. रोध मायक्रोओहमांत. सगळे आकडे तुमच्या गरजेला साजेसे आहेत. खरी अडचण ब्रशची आहे. कडेला ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास वेग असतो, तेथे तांबे-ग्राफाइटचे ब्रश सर्व बाजूंनी बसवावे लागतात, त्यांच्यावरच काही दशांश व्होल्ट खर्च होतात आणि साडेतीन व्होल्टांच्या यंत्राला ते परवडत नाही. शिवाय ३० सेंटिमीटर व्यासावर एक टेस्लाचे क्षेत्र उभे करायला मोठे लोखंडी योक, म्हणजे फ्लक्सला वाट देणारी चौकट, लागते. चांगला खरादकाम करणारा जोडीदार आणि पुरेसा वेळ असेल तरच या वाटेला जावे.

तुमच्या प्रकल्पासाठी मी वेगळी रचना सुचवतो. चुंबक हलवून वीज निर्माण करण्याचे काम आणि पल्स देण्याचे काम ही दोन कामे वेगळी करावीत. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाच्या इंजिनातील मॅग्नेटो नेमके हेच करते: फ्लायव्हीलवरचे चुंबक कॉइलसमोरून जाताना प्राथमिक वायंडिंगमध्ये प्रवाह तयार करतात, ती ऊर्जा क्षणभर क्षेत्रात साठते आणि योग्य क्षणी परिपथ तोडून ठिणगीला दिली जाते. तुमच्या बाबतीत साठवण क्षेत्राऐवजी कपॅसिटरमध्ये करावी. ३० सेंटिमीटर व्यासाच्या रोटरच्या काठाजवळ तुमच्यासारखे आठ चुंबक, एकाआड एक ध्रुव बाहेर ठेवून बसवा. मिनिटाला १,५०० फेऱ्यांना त्यांचा वेग सेकंदाला साडेतेवीस मीटर होतो, म्हणजे आपण वर शोधलेल्या उपयुक्त वेगाच्या अगदी जवळ, आणि प्रत्येक कॉइलसमोरून सेकंदाला २०० चुंबक जातात. एका खेपेचे एक-दोन जूल आता सेकंदाला शेकडो जूल होतात. खरे तर हा साधा कायम चुंबकाचा अल्टरनेटर झाला, आणि सायकलच्या पेडलवर बसलेला माणूस त्याला ७५ वॅट सहज देऊ शकतो, कमी फेऱ्यांवर सुद्धा.

अल्टरनेटरचे आउटपुट ब्रिज रेक्टिफायरने डीसी करून एक फॅरडच्या, १६ व्होल्टांच्या कपॅसिटरमध्ये १२ व्होल्टांपर्यंत भरावे. म्हणजे ७२ जूल साठले. भरायला पेडलवर एक-दोन सेकंद पुरतात. कपॅसिटरचा अंतर्गत रोध, बसबार (जोडणीच्या तांब्याच्या जाड पट्ट्या), स्विच, केबल आणि सांधा यांची बेरीज पाच मिलिओहम झाली तर सुरुवातीचा प्रवाह २,४०० अँपिअर आणि कालमान (प्रवाह ओसरायला लागणारा वेळ) पाच मिलिसेकंद येते, जे तुम्हाला हवे होते तेच. यातही ऊर्जा रोधांच्या प्रमाणात वाटली जाते: सांधा एक मिलिओहम असेल तर ७२ पैकी १४ जूलच त्याच्या वाट्याला येतात. म्हणून उरलेले चार मिलिओहम कमी करण्यात जो वेळ जाईल तो सत्कारणी लागतो. केबल जाड आणि आखूड ठेवा, दोन्ही केबल एकमेकींना चिकटवून न्या, लग (केबलच्या टोकाचे कान) नुसते दाबण्याऐवजी नीट क्रिंप करून वर झाळा, बसबारची जोडणीची जागा पॉलिश पेपरने घासून लगेच आवळा. अधिक ऊर्जा लागली तर समांतर दुसरा कपॅसिटर जोडावा. त्याने अंतर्गत रोधही निम्मा होतो. स्विच म्हणून समांतर मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) घेतल्यास पल्सची लांबी हवी तेथे तोडता येते. थायरिस्टर हा दुसऱ्या प्रकारचा इलेक्ट्रॉनिक स्विच अधिक दणकट असतो, पण तो कपॅसिटर रिकामा झाल्याशिवाय बंद होत नाही, आणि त्याच्यावर पडणारा एक-दीड व्होल्ट १२ व्होल्टांच्या रचनेत जाणवतो. मॉसफेट वापरताना केबलच्या इंडक्टन्समुळे बंद होताना उसळणारे व्होल्टेज पोटात घेण्यासाठी फ्रीव्हीलिंग डायोड (उरलेल्या प्रवाहाला फिरायला वाट देणारा डायोड) अवश्य लावा, नाहीतर पहिल्याच वेल्डला मॉसफेट जातील.

एक मिमी जाडीचे दोन पोलादी पत्रे जोडण्याचा विचार असेल तर मात्र ही वाट सोडून द्यावी. तेथे आठ ते दहा हजार अँपिअर सुमारे दहा सायकलींपर्यंत, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागापर्यंत लागतात, आणि महावितरणच्या लाइनवर चालणारा साधा स्पॉट वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर ते काम अधिक चांगले आणि स्वस्त करतो.

मोजमापाबद्दल दोन शब्द आवश्यक आहेत, कारण चुकीच्या मोजमापातूनच चमत्काराच्या कथा जन्म घेतात. साधा क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारे मीटर) हा पाच मिलिसेकंदांच्या पल्ससाठी निरुपयोगी आहे. तो काहीतरी आकडा दाखवतो आणि तो आकडा खोटा असतो. शंभर मायक्रोओहमचा शंट (प्रवाह मोजण्यासाठीचा अचूक लहान रोध) परिपथात घालून त्यावरचे व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर पाहावे: हजार अँपिअरला ०.१ व्होल्ट. शंटपासून निघणाऱ्या दोन बारीक तारा पीळ घालून न्याव्यात, अन्यथा त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेतच पल्सचे क्षेत्र शिरते आणि आलेखावर नसलेली शिखरे दिसतात. रोगोव्स्की कॉइल (केबलभोवती गुंडाळून बदलता प्रवाह मोजणारी कॉइल) उपलब्ध असेल तर त्याहून उत्तम. दर वर्षी कोणीतरी मोकळ्या टोकांवरचे शिखर-व्होल्टेज आणि शॉर्ट केल्यावरचा शिखर-प्रवाह यांचा गुणाकार करून ‘घातलेल्यापेक्षा जास्त वीज’ मिळाल्याचे सांगत येतो. हे दोन आकडे एकाच वेळी कधीही अस्तित्वात नसतात, त्यामुळे तो गुणाकार कोणत्याही खऱ्या शक्तीचा नसतो. अशा दाव्यावर जमीन किंवा दागिने गहाण टाकणारी माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहितो: शिखरे गुणू नका, प्रत्येक क्षणाचे व्होल्टेज आणि त्याच क्षणाचा प्रवाह गुणून बेरीज करा.

रोटर तयार करताना चुंबक नुसत्या चिकटवणीवर सोडू नका. १५ सेंटिमीटर त्रिज्येवर मिनिटाला १,५०० फेऱ्यांना ९२ ग्रॅमचा चुंबक सुमारे ३५ किलोच्या ओढीने बाहेर निघू पाहतो, आणि फेऱ्या ३,००० झाल्या तर ही ओढ चौपट, म्हणजे १४० किलोच्या घरात जाते. चुंबक अॅल्युमिनियमच्या खाचेत आतून बसवून बाहेरून स्टेनलेसची रिंग चढवावी, रोटरचे बॅलन्सिंग करून घ्यावे आणि चाचणीच्या वेळी फिरण्याच्या प्रतलात कोणीही उभे राहू नये. निओडिमियम काचेसारखा ठिसूळ असतो. दोन चुंबक एकमेकांवर आपटले की धारदार कपच्या उडतात, तेव्हा डोळ्यांवर गॉगल हवाच. साध्या एन प्रतीचे चुंबक ८० अंश सेल्सिअसपर्यंतच सुरक्षित असतात, आणि गरम अवस्थेत कॉइलचे विरुद्ध क्षेत्र बसले तर कायमचे दुबळे होतात. कॉइल व रोटर यांच्यामधून हवा खेळती राहील अशी जागा सोडा. काम संपल्यावर कपॅसिटर दहा ओहमच्या, १० वॅटच्या रोधातून रिकामा करून मगच हात घालावा. बारा व्होल्टांचा झटका बसत नाही, परंतु त्या टोकांवर पाना किंवा अंगठी आडवी पडली तर स्पर्शाच्या जागी धातू वितळून ठिणग्या उडण्यास जो वेळ लागतो तो तुमच्या वेल्डइतकाच असतो.

रोटर आणि बसबारची रेखाचित्रे मोजमापांसह पाठवल्यास कॉइलचे वेढे आणि तारेचा गेज मी काढून देईन. त्यासाठी चुंबकाचे तोंड आणि कॉइल यांच्यातील हवेचे अंतर किती ठेवता येईल ते आधी नक्की करा, कारण ते तीन मिमी आहे की सहा, यावर फ्लक्सचा आकडा बराच बदलतो.